आनमारीचा बापूस

आनमारीच्या घरी मी भाड्यानं राहायला गेले, त्या संध्याकाळी ती आतल्या खोलीत कुणाला तरी दम भरत होती.

"हां बघ, ही बाई आजच इलीहा. वयान ल्हान आसा, घरच्यांका सोडून इलीहा. बाजारात आज मासळीचो तुकडो नाय. मी तिका पयल्या दिसाक काय वाढू? नुसती पेज? माका सांगू नको, तूच बघ काय तां." मग क्षणभर थांबून ती म्हणाली, "झालां." आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

उंच, हाडकुळी, थोडी पुढं वाकलेली बाई. अंगावर विधवेचं काळं लुगडं, गळ्यात दोऱ्यात ओवलेला बारीकसा खुरीस, म्हणजे क्रूस. मी माझी ट्रंक अजून ओसरीवरच ठेवली होती.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"बापूस."

"तुमचे वडील?"

"माझे आणि तुझेय," ती म्हणाली आणि माझी ट्रंक उचलून आत घेऊन गेली. आत कुणीच नव्हतं. शिवणाचं हातमशीन होतं, भिंतीवर येशूचं एक जुनं चित्र होतं आणि एका कोपऱ्यात रचलेल्या करवंट्या.

थोड्या वेळानं शेजारची भागू आली. ती कोळणीचं काम करी, तिचा नवरा सोनू होडीवर जाई. तिच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेले चार बांगडे होते. आनमारीनं ते घेतले आणि विळी ओढून साफ करायला बसली. तिला जराही नवल वाटलेलं दिसलं नाही. पुढं माझ्या लक्षात आलं की भागू बऱ्याच संध्याकाळी काहीतरी घेऊन येतेच. मी ते एकदा आनमारीला बोलूनही दाखवलं. "येता मां," ती म्हणाली. "येता म्हणानच तर तेका सांगाक सोपां जाता."

मालवणपासून कोसभर दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी वसलेलं ते गाव. मी तिथल्या मराठी शाळेत नवी मास्तरीण म्हणून आले होते. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी. त्यांचं एक लहानसं देऊळ होतं, त्याला सगळे इगर्ज म्हणत, आणि फादर महिन्यातून एकदोनदा मिस, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, करायला येत. आनमारीचा नवरा बोटीवर खानसामा होता. तो लांबच्या सफरीवर तापानं गेला आणि त्याचं काहीच परत आलं नाही, कपड्यांची पेटीसुद्धा नाही. एक मुलगी होती, लुयजा. तिचं लग्न मी यायच्या आदल्या वर्षीच झालेलं होतं, तेरेखोलच्या खाडीपलीकडं, गोव्याच्या हद्दीत. तिथं नवऱ्याची भातशेती होती आणि नारळाची बाग.

आनमारी गावातल्या पोरींची परकर-पोलकी शिवायची. टाचण्या तोंडात धरून काम करायची तिची सवय होती, आणि त्या तशाच तोंडात ठेवून ती देवाशी बोलायची. त्यामुळं तिची अर्धी प्रार्थना बोबडी असायची. कपडा कमी पडला, सांग बापाशीक. दोरा तुटला, सांग. शेजारच्या म्हातारीचा खोकला थांबत नाही, सांग. आवाज नेहमीचाच, भागूशी बोलायची तसाच. रविवारी इगर्जीत ती सगळ्यांबरोबर गुडघे टेकून माळेवरचा रोजार म्हणायची, पण घरी आली की ते सगळं ठेवून देऊन हे सुरू.

तिचा एक नियम होता. कोणतीही गोष्ट एकदाच सांगायची.

"दोनदा सांगलां," ती मला म्हणाली होती, "म्हणजे पयल्या वेळाक तेणां आयकूक नाय असो अर्थ होता. तुझ्या बापाशीक तू एकच गोष्ट धा वेळा सांगतंस?"

मी म्हणाले, "माझ्या वडिलांना सांगावी लागते."

ती टाचण्या सांभाळत हसली. "तेचे कान जड आसतले."

सांगून झालं की "झालां" म्हणायची आणि हातातलं काम पुढं सुरू. ते 'झालां' ऐकायला मला फार आवडायचं. एखादं ओझं ओसरीवर उतरवून ठेवावं आणि माणूस घरात जावा, तसं ते होतं. मला तसं कधी जमलं नाही. आमच्याकडं गाऱ्हाणं घालतात, नवस बोलतात, कौल लावतात; आणि मग कौलाची पाकळी कुठल्या बाजूनं पडते म्हणून श्वास रोखून बघत बसतात. आनमारी बघत बसत नसे.

नवे फादर आले तेव्हा त्यांना हे कुणीतरी सांगितलं. वयानं लहान, शिकलेले, वागायला सौम्य. एका मिसेनंतर ते आमच्या ओसरीवर आले. चहा घेतल्यावर म्हणाले, "आनमारीबाय, तुम्ही शिवताना, मासे कापताना प्रार्थना करता असं ऐकलं. देवापुढं थोडी अदब हवी, नाही का?"

"फादर, तुमी घराक गेल्यार बापाशीकडे पुस्तक वाचून बोलतास?"

फादर हसले. "वाचून नाही बोलत. पण ते आले की उठून उभा राहतो."

आनमारीनं मान हलवली. फादर कपबशी खाली ठेवून सहज म्हणाले, "आणि बापानं नाही म्हटलं तर?"

"नाय म्हणात तर नाय म्हणात. पण म्हणात तरी. आपल्या चेडवाक जवाब न देता गप रवाचो नाय तो."

दुसऱ्या दिवसापासून ती काही सांगायचं असलं की मशीनवरून उठायची, टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचायची, उभी राहून बोलायची आणि मग परत बसायची. फादरांचं म्हणणं तिला पटलं होतं. त्यामुळं कपडे शिवायला मात्र जास्त वेळ लागू लागला आणि गावातल्या बायकांची कुरकुर सुरू झाली.

तो नाहीही म्हणतो, हे मी एकदा पाहिलं. भागूचा धाकटा दोनेक वर्षांचा होता. पावसाच्या सुरुवातीला त्याला ढाळ लागले. भागू पहाटेच दारात आली. तिला पुढं शब्द सुचेना, नुसती "आनमारी गो, आनमारी गो" करत राहिली. आनमारी उठली, उभी राहिली आणि बोलली. पण त्या दिवशी ती "झालां" म्हणाली नाही. तिनं छत्री घेतली आणि भागूच्या झोपडीत गेली. दुपारी पोर गेलं. आनमारी तिथंच बसून राहिली, भागूचं डोकं मांडीवर घेऊन. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी विचारलं, "तुम्ही सांगितलं होतंत ना?"

"सांगलंय."

"मग?"

"नाय म्हणालो." तिनं छत्री कोपऱ्यात उभी केली. "माका सकाळीच कळलां. म्हणान भागूकडे जावन बसलंय. नायतर नेहमीसारख्यां 'झालां' म्हणान भाताक आधण ठेवलंय असतंय."

तिला ते कसं कळलं असेल ते मी विचारलं नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दुःख मात्र होतं, आणि ते लपवायची तिला गरज वाटत नव्हती. पुढं कितीतरी दिवस ती भागूच्या दारावरून जाताना थांबायची.

त्यानंतर गोव्याची हद्द बंद झाली. पलीकडं सत्याग्रही जाऊ लागले, गोळीबार झाले. मग आपल्या बाजूनंही येजा थांबली. आरोंद्याला खाडी ओलांडणारी होडी, म्हणजे तर, आणि बांद्याची वाट, सगळीकडं पहारे बसले. ज्यांच्या लेकी पलीकडं दिल्या होत्या, ज्यांच्या माहेरच्या इगर्जी पलीकडं होत्या, त्या घरांतून एकाएकी माणसं तुटली. आनमारी म्हणायची, "खाडी तां काय. लुयजाच्या दारात कुत्रो भुकलो तर आरोंद्यात आयकाक येता." पण आरोंदा आमच्यापासून दूर, आणि तिथं पोचूनही पाण्यापुढं जायची वाट नव्हती.

बातमी यायला एकच मार्ग उरला होता, समुद्राचा. आमच्याकडच्या होड्या आणि तिकडच्या होड्या खोल पाण्यात जवळून जायच्या. जाळी टाकता टाकता माणसं एकमेकांना ओरडून निरोप सांगायची. तसाच एक निरोप एका सकाळी सोनूनं आणला. लुयजाला आठवा महिना लागलाय. पाय सुजलेत, तोंडही सुजलंय, डोकं ठणकतं. आवशीला बोलावते.

आनमारीनं सगळं ऐकून घेतलं. सोनू म्हणाला, "मी नेतंय तुका. वेंगुर्ल्याच्या खाली होडी घालतंय, थंयसून तेंच्या होडयेर चढ."

"गस्तीची बोट आसा."

"आसा तर आसा."

आनमारी उठली. टाचण्या उशीला टोचल्या आणि तिथंच, सोनूसमोर, उभ्या उभ्या बोलली. "बापा, चेडू माका बोलयता. माका थंय पोचय. चेडवाक आणि तेच्या पोराक सांभाळ. झालां." मग सोनूकडं वळून म्हणाली, "तू जा. तुझी पोरां आसत, तुका गोळी लागली तर भागूक मी काय सांगू? माका वाट गावतली. मी सांगलंय तेका."

सोनू थोडा वेळ घुटमळला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि तिच्याबरोबर निघाले. सरकारी माणसांशी नीट मराठीत बोलायला कुणीतरी हवं होतं. एस. टी. नं सावंतवाडी गाठली, तिथल्या कचेरीत परवान्याचा अर्ज दिला. उत्तर वरून येईल, वेळ लागेल, असं कळलं. तसंच पुढं इन्सुलीच्या नाक्यापर्यंत गेलो. तिथले अंमलदार चष्मा लावलेले, पोक्त गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "बाई, परवान्याशिवाय मी मुंगी सोडू शकत नाही. माझी सख्खी मावशी पलीकडं आहे. ती गेल्याचं मला सहा महिन्यांनी कळलं."

आमचं दोघांचं बोलणं चालू असताना आनमारी एकदा त्यांच्या तोंडाकडं, एकदा माझ्या तोंडाकडं बघत होती. मग ती उभी राहिली.

"साहेबानू, माझ्या चेडवाक आठवो म्हयनो आसा."

अंमलदारांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुसून झाल्यावरही तो डोळ्यांवर लावला नाही. "आई," ते म्हणाले, "तुम्ही निघालात तर मी आडवा येईन. मला यावंच लागेल. आणि मी नाही आलो तर पलीकडचे आहेत. ते आधी हाक मारत नाहीत."

तिथून आम्ही आरोंद्याला गेलो. कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं, पण तिला परत फिरवणं माझ्याच्यानं होईना. दुपार कलली होती. भरतीचं पाणी चढत होतं. पलीकडच्या काठावर एक बाई धुणं आपटत होती. तिचा हात खाली आला की आवाज जरा मागून यायचा. माडांच्या मागं कौलं दिसत होती. त्यांतलं लुयजाचं कुठलं ते आनमारीला माहीत होतं. तिनं मला बोटानं दाखवलंसुद्धा.

ती काठावर उभी राहिली. मी थोडी मागं थांबले. तिचे ओठ हलले. थोड्या वेळानं पुन्हा हलले. मग मला तिचा आवाज ऐकू आला, आणि मी दचकले. कारण ती तेच सांगत होती. घरी सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द. माका थंय पोचय. चेडवाक सांभाळ. आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून. पहाऱ्यावरचा शिपाई जवळ आला, तिच्याकडं बघितलं आणि दूर जाऊन उभा राहिला.

सूर्य खाली गेला तेव्हा ती माझ्याकडं वळली. "आज तो बोलणा नाय गो."

"नाही म्हणतोय?"

"नाय सुदीक म्हणणा नाय."

त्या रात्री आम्ही गावातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडं राहिलो आणि सकाळी परतलो. एस. टी. त ती पूर्ण वाटभर खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी काहीतरी बोलले असेन, धीराचं. आता काही आठवत नाही.

त्यानंतर ती टोपडी शिवत बसायची. परवाना येईल तेव्हा न्यायला. एक पिवळं, एक पांढरं, मग झबली, मग दुपटं. परवान्याचं उत्तर आलं नव्हतं. एका सकाळी सोनू खाडीवरून थेट वर आला. अंगावरून पाणी गळत होतं, पाय वाळूनं भरलेले. त्यानं हाक मारली नाही. अंगणात येऊन नुसता उभा राहिला. आनमारीनं मशीनचा हात थांबवला आणि त्याच्याकडं बघितलं.

"चेडू काय झील?" तिनं विचारलं. मुलगी की मुलगा.

"चेडू," सोनू म्हणाला. "बरां आसा."

"आणि माझां चेडू?"

सोनूनं मान खाली घातली.

आनमारीचा आवाज त्या दिवशी शेजारच्या वाडीपर्यंत गेला. भागू धावत आली. यावेळी डोकं आनमारीचं होतं आणि मांडी भागूची.

पुढचे महिने त्या घरात राहणं मला जड गेलं. ती सगळं करायची. मिसेला जायची, रोजार म्हणायची, फादरांना वाकून नमस्कार करायची, कपडे शिवायची. पण मशीनवरून उठून उभी राहणं थांबलं. टाचण्या तोंडात धरायची आणि तोंड मिटलेलंच असायचं. चार माणसांच्या घरातून तीन माणसं निघून जावीत तसं घर झालं होतं, खरं तर पूर्वीही आम्ही दोघीच राहत होतो. फादर एकदा येऊन बसले. मला वाटलं, काही समजावतील. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःच डोळे टिपत पायऱ्या उतरले.

एकदाच ती माझ्याशी मनातलं बोलली. कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बाईनू, सोनूची होडी तेणांच धाडलली काय गो?"

तिनं पुढचा कपडा उचलला.

"मी वाट मागलंय. सोनू वाट घेवन दारात उभो होतो. आणि मीच तेका परत धाडलंय. वर सांगलंय, माका वाट गावतली म्हणान." तिनं घडी मोडली आणि परत घातली. "ह्यां मी तेका इचारूक नाय. तेणां होय म्हटल्यान तर मी काय करू?"

मी शिकलेली होते, रोज वर्गात उभी राहून पोरांच्या प्रश्नांची उत्तरं देत होते. मी तिच्या शेजारी बसून उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागले.

पुढच्या थंडीत सोनू तापानं पडला. मालवणहून डॉक्टर येऊन सुई देऊन गेले तरी ताप उतरेना. भागू आमच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. तिला काय मागायचं ते आनमारीला कळलं.

"भागू, मी बोलणंय नाय तेच्याशी."

"तू बोल नको," भागू म्हणाली. "माझो निरोप तेवढो पोचय."

आनमारी बराच वेळ मशीनवर हात ठेवून बसली. शेवटी उठली. टाचण्या उशीला टोचल्या. भिंतीकडं तोंड करून, कुणा परक्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "ह्यां भागूचां आसा. माझां नाय. सोनूक बरो कर." आणि बसली.

सोनू उठला. कशानं उठला ते मी सांगू शकत नाही. पण तेव्हापासून गावातले निरोप पुन्हा जाऊ लागले. प्रत्येक वेळी ती आधी सांगायची, हे अमक्याचं, हे तमकीचं. स्वतःचं काही नाही. एका घरात राहून अबोला धरलेली माणसं कामापुरतं बोलतात, तसं ते चाललं होतं, आणि तसं ते काही वर्षं चाललं.

मग गोवा मोकळा झाला. हद्द उठली. खाडीत तर पुन्हा चालू झाली. जानेवारीत आनमारी निघाली आणि मला म्हणाली, "तूय चल. माका एकटीक जमाचां नाय." आम्ही आरोंद्याला तरीत बसलो आणि पलीकडं उतरलो. पाच मिनिटंही लागली नसतील.

लुयजाच्या दारात तिची सासू सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिनं आनमारीला बघितलं आणि सूप खाली ठेवलं. दोघी गळ्यात पडल्या. सासूच्या पाठीमागं एक पोर उभी होती, पाचेक वर्षांची, केस तेल लावून घट्ट बांधलेले. आनमारीनं हात पुढं केला तशी ती सासूच्या पदरात शिरली. बाहेर येईना. आनमारीनं पिशवीतून टोपडी काढली, पिवळं आणि पांढरं. पोरीच्या मुठीवर बसतील एवढी ती होती. आनमारीनं ती तशीच पिशवीत परत ठेवली.

जेवणं झाल्यावर सासू सांगू लागली. त्यांच्याकडची बोली आमच्यापेक्षा जरा निराळी, पण सगळं कळत होतं. झटके येऊ लागले होते. सुईण होती, मग म्हापशाहून डॉक्टर आणला. मधे मधे लुयजा शुद्धीवर यायची. "पण भियेली नाय गो ती," सासू म्हणाली. "आमी सगळी रडतांव, आणि ती आमकांच सांगता, 'माझ्या आवशीन बापाशीक सांगलां आसतलां. तुमी कित्याक रडतास?' शेवटसर तांच म्हणा होती."

आनमारी ऐकत होती. "खरां?"

"या पोराची शपथ."

मला वाटलं, आता ती विचारील, कुठल्या दिवशी. आम्ही पलीकडच्या काठावर उभ्या होतो त्याच्या आधी की नंतर. सोनूच्या होडीनं आली असती तर भेट झाली असती का. तिनं विचारलं नाही. सासूचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. तिला त्या गोष्टीनं धीर आला की आतून फाडलं, ते मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखू शकले नाही. बहुधा दोन्ही.

परतताना तरीत आम्ही दोघी आणि एक केळीवाला, एवढेच होतो. पाणी शांत होतं. अर्ध्या खाडीत आनमारी उठून उभी राहिली. तांडेल ओरडला, "बस गो म्हातारे, होडी कलंडतली!" मी तिचं लुगडं धरून ठेवलं. ती खाली बघत होती, पाण्याकडं.

"बापा," ती म्हणाली. "ती तुझ्यार भरवसो ठेवन इली. तिका बरी बघ."

तिचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. पण परक्याशी बोलल्यासारखाही नव्हता. एवढंच बोलून ती बसली आणि काठ येईपर्यंत रडत राहिली. केळीवाल्यानं घडातली दोन केळी तोडून तिच्या ओच्यात ठेवली.

नात पुढं मे महिन्यात यायला लागली. ओळख व्हायला दोन सुट्या गेल्या. आनमारीला दिसायचं कमी झालं, शिवण सुटलं. गावातली माणसं अजून निरोप घेऊन यायची आणि ती ते पोचवायची. तिनं कुणालाही 'होतलां', होईलच, असं सांगितलेलं मी नंतर ऐकलं नाही.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी बदली फोंडाघाटाला झाली. सामान पुढं गेलं होतं. आनमारी मला सोडायला एस. टी. च्या थांब्यापर्यंत आली, काठी टेकत, भागूच्या खांद्याला धरून. भागू कुणाशी तरी बोलायला पलीकडं गेली. मी तिचे हात धरून म्हणाले, "मावशी, नवं गाव आहे. घाटाखालचं. तिथं माझं कोणी नाही. माझ्यासाठी सांगाल ना बापाशीक?" इतक्या वर्षांत मी तिच्याकडं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"सांगतंय गो," ती म्हणाली. "पण काय होयत तां माका म्हायत नाय. आदी म्हायत आसल्यासारख्यां वाटा होतां. आदी मी सांगी आणि उठान कामाक लागी. आता सांगतंय आणि थंयच बसतंय. तो बोलणा नाय. मीय बोलणंय नाय. दोघांय बसतों."

गाडी आली. मी चढले, मागच्या बाजूची खिडकी मिळाली. हात हलवायला बाहेर बघितलं तर ती माझ्याकडं बघत नव्हती. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर ती टेकली होती. काठी बाजूला आडवी ठेवली होती, दोन्ही हात मांडीवर, तोंड मिटलेलं. कठड्याच्या एका टोकाला सरकून बसली होती, शेजारी एका माणसाची जागा ठेवून. भागू परत आली, तिला काहीतरी म्हणाली. तिनं हातानंच तिला थांब म्हटलं. गाडी वळणावर जाईपर्यंत ती उठली नव्हती.